चिखल कोनाच्या पायाले

कोसमघाट, ११ जून २०२४

दिव्यानी बाई,

मोठीमायचा हात तुह्या डोक्यावर हाय असं समज अन् मंग पुढचं वाच. उभ्यानं वाचू नको, आधी बस.

फोन काऊन नाई केला म्हणशील. फोन प्रणितच्या हातात असते. माहा हा पोट्टा कोनाचाही फोन आला का स्पीकरवर टाकते, अन् ओट्यावर बसलेले सारे ऐकतेत. ही गोष्ट तशी ऐकवायची नाई. म्हणून चौथी पास बाई लिवून राह्यली. चुकलं-माकलं समजून घेजो.

भैयाजी सुटून आला. परवा दुपारच्या बसनं. हातात एक थैली, डोक्याचे केस पांढरे. मी बोरिंगवर होती. पान्याचा गुंड अर्धा भरला होता, तो तसाच टाकून घरी आली. ज्यानं तुले अकराव्या वर्षी खराब केलं तो मानूस दहा वर्षं जेलात राहून माह्या समोरून चालत गेला अन् मले शिवीही आठवली नाई, बाप्पा! तो खाली मान घालून मायच्या घरात शिरला. बायको त्याची केस चालू होती तेव्हाच माहेरी गेली ती गेलीच. आता घरात तो अन् म्हातारी सोनीबाई, दोघंच.

गावात दोन पार्ट्या झाल्या. एक पोट्ट्याईची. आमचा प्रणित अन् तो राजदीप त्यात पुढं. त्यायनं चौकात बॅनर लावला, 'नराधमाला गावबंदी', अन् खाली सगळ्याईचे आपापले गॉगलवाले फोटो. म्हणतेत घराले आग लावतो. त्यातल्या एकानंही मले येऊन विचारलं नाई का दिव्यानी कशी हाय. दुसरी पार्टी बापूरावची. तो आता गावच्या तंटा समितीचा अध्यक्ष हाय ना. तो म्हणते, कोर्टानं शिक्षा देल्ली, त्यानं भोगली, विषय संपला. उगाच गावाचं नाव खराब होते, पुढं इथी सोयरीक कोन करीन.

अन् दोन्ही पार्ट्या एका गोष्टीवर एक हायत. दिव्यानीले यंदा धानाच्या रोवण्याले बोलावू नका म्हणतेत. पोट्टे म्हणतेत तिले त्रास होईन. बापूराव म्हणते तंटा होईन.

मीही विचार केला बाई. तुह्यी माय गेल्यापासून तिची धानाची बांधी मीच पाहतो, रोवण्याच्या टोळीत पुढं मीच असतो, यंदाही रोवून देईन. तू नको येऊ. तिथी मोहर्लीत सुखानं राह्य, वाघ दाखव लोकाईले. ठाण्यात तुह्या मायसंगं मी बसली होती, कोर्टातही आली होती. तो सारा वनवास मले ठाऊक हाय. तो पुन्हा तुह्या वाट्याले नको.

पण तुह्यं मन काय म्हणते ते लिव. हाकला म्हणशील तर पहिला गोटा मीच मारतो. देवाची आन.

तुह्यी मोठीमाय,
रुखमा

*

मोहर्ली, १९ जून २०२४

मोठीमाय,

बसूनच वाचलं. जिप्सीच्या सीटवर, पर्यटक गेटजवळ चहा पीत होते तेव्हा. मग त्यायले वाघीण दाखवली, तिचे बच्चे दाखवले, हसून टाटा केला, आणि रूमवर येऊन तुझं पत्र भिंतीवर फेकून मारलं. मग उचललं. मग पुन्हा वाचलं.

आधी एक सांगते. 'ज्यानं तुले खराब केलं' असं पुन्हा लिहू नको. मी खराब नाई झाली. मी चांगली धडधाकट आहे, परीक्षा पास होऊन गाइड झाली, गेटवर माझं नाव घेऊन लोकं बुकिंग मागतेत. जे खराब होतं ते त्याचं होतं आणि ते घेऊन तो जेलात गेला. तुझ्यावर नाई चिडून राह्यली, पण हा शब्द ऐकून ऐकून माझे कान किटले.

आता बॅनरचं. प्रणितले सांग, उतरव. त्याले विचार, मी तुझी बहीण लागते, एक फोन करता आला नाई तुले, आणि गॉगल घालून माझा बदला घ्यायले निघाला? आग लावायची भाषा तर बिलकुल बंद. त्या घरात सोनीआजी झोपते.

त्याले हाकलू नका. हे मी डोकं ठिकाणावर ठेवून लिहून राह्यली. काऊन ते ऐक. मागच्या साली इथल्या एका हॉटेलात एक आचारी लागला. गोड बोलायचा, पोट्ट्याईले चॉकलेट द्यायचा. आमच्यापैकी कोनाले काय माहीत? तिथं कपडे धुणाऱ्या बाईची पोरगी ओरडली म्हणून वाचली. मग समजलं, त्याच्या गावानं त्याले आधी असंच काही केलं म्हणून मारून हाकललं होतं. गाव मोकळं झालं आणि मानूस आमच्या दारात येऊन पडला. आमाले सावध करायले कोनी आलं नव्हतं. भैयाजीले कोसमघाटातून हाकललं तर तो कुठं जाईल? असाच कुठंतरी, जिथं त्याचा चेहरा कोनी ओळखत नाई.

म्हणून राहू द्या त्याले तिथंच. मायच्या घरात राहो, बोरिंगवर पानी भरो, दुकानातून सामान नेवो. पण शाळेच्या वाटेवर, अंगणवाडीकडे दिसला का विचारा, इकडं काय काम आहे. रोज विचारा, न लाजता विचारा. आणि पोट्ट्याईच्या मायांनी पोट्ट्याईले सांगायचं, याच्या घरी जायचं नाई. कुजबुज नको, मोठ्यानं सांगायचं.

आणि मी येते. पावसाळ्यात जंगलाच्या कोर भागाचे गेट बंद होतेत, मले सुट्टीच असते. बांधी मायची होती, आता माझी आहे. कोनत्या पार्टीनं ठरवलं का मी घरी यायचं नाई? दहा वर्षं मीच मामाकडं, होस्टेलात, इथं, अशी फिरत राह्यली. आता बास झालं.

दिव्यानी

*

कोसमघाट, १ जुलै २०२४

दिव्यानी, माह्यी वाघीण,

तुह्यं पत्र वाचलं अन् पदरानं डोळे पुसले. किती मोठं मन हाय वं तुह्यं! तुह्यी माय असती तर छाती फुगली असती तिची. मी तर गोटा मारायले निघाली होती, अन् ज्या लेकरावर बेतली तेच म्हणते राहू द्या त्याले.

मी लगेच बापूरावच्या घरी गेली. म्हटलं, भाऊ, पोरीनं माफ केलं. तो खाटेवरून उठूनच बसला. म्हणे, रुखमाबाई, गावाची इज्जत वाचवली तुमी. तशीच पोट्ट्याईकडं गेली. बॅनर उतरवला. राजदीप जरा नाराज झाला, त्याचा फोटो चांगला आला होता.

आता ऐक, बापूरावनं लय चांगली गोष्ट काढली. तुले ठाऊकच हाय, रोवणा सरला का शेवटच्या दिवशी आपण बाया हातात चिखल घेऊन रस्त्यावर उभ्या राह्यतो, अन् जो कोनी जाईन त्याच्या पायाले चिखल लावतो, मंग त्यानं हसत हसत आमाले काहीतरी खाऊ द्यायचा. मास्तर असो का बसचा ड्रायव्हर, कोनी नाई म्हणत नाई. आपल्याकडं मानतेत ना, बायानं पायाले चिखल लावला म्हणजे मानूस गावचा. मागं तो गुरं चोरणारा जंगू गावात परतला तेव्हा त्यालेही असंच केलं होतं. तर त्या दिवशी बापूराव भैयाजीले रस्त्यानं घेऊन येईन. ना मीटिंग, ना भाषण. हसण्या-खेळण्यात होऊन जाईन सारं. आपल्या टोळीनं त्याची बांधीही रोवून द्यायची असं ठरलं. धानाचे पऱ्हे उगवून रोवायले तयार हायत त्याचे.

अन् तू येऊन राह्यलीच हायस, तर तुह्याच हातानं लावजो चिखल. बापूराव म्हणते, पोरीनं लावला का कोनाचं तोंड उघडणार नाई. मी भैयाजीच्या दारातून हे सांगून आली. तो रडला बाई. सोनीबाईनं तर माह्ये पाय धरले. 

झालं आता, मिटलं. दहा वर्षं माह्या छातीवर ओझं होतं. लवकर ये. तुह्यासाठी करवंदाचं लोणचं झाकून ठेवलं हाय, प्रणितच्या हाती लागू देल्लं नाई.

मोठीमाय

*

मोहर्ली, ७ जुलै २०२४

मोठीमाय,

माफ केलं असं मी कुठी लिहिलं? काढ माझं पत्र. चष्मा लाव आणि दाखव मले.

मी लिहिलं राहू द्या. त्याचा अर्थ माफ केलं असा झाला तुझ्या डोक्यात? आणि तो अर्थ घेऊन तू बापूरावच्या घरी गेलीस, त्याच्या दारात गेलीस! तो रडला म्हणे. मी काय करू त्याच्या रडण्याचं? मले एकदा फोन लावून विचारलं असतंस, लावू देलं असतं प्रणितले स्पीकरवर, सगळ्या ओट्यानं ऐकलं असतं, पण माझ्याच तोंडून ऐकलं असतं!

तुले वाटलं मी मोठ्या मनाची. मी नाई मोठ्या मनाची. मी अजूनही पाठीमागून कोनी आलं का दचकते. मले हे कोनाले सांगायले आवडत नाई, तुलेही सांगितलं नव्हतं. त्याले गावात ठेवा हे मी त्याच्यासाठी नाई लिहिलं. कोनत्या तरी गावातल्या कोनत्या तरी पोरीसाठी लिहिलं, जिले मी कधी भेटणार नाई.

आणि त्याच्या बांधीत टोळी उतरवणार तुम्ही. ठीक आहे, तर ऐक, जे मी ठाण्यात सांगितलं नव्हतं, कारण कोनी विचारलंच नाई. तो दिवस रोवण्याचाच होता, त्याच्याच बांधीत. माय आणि तू टोळीत होता. मी तुमच्यासाठी आंबील घेऊन आली होती. तो म्हणाला, झोपडीतून पऱ्ह्याच्या पेंढ्या आणून दे बायाले. मी गेली. तो मागून आला. पुढचं तुले ठाऊक आहे. पण हे ठाऊक नाई का तेव्हा तुम्ही गाणं म्हणत होता. रोवण्याचं गाणं, पुढं तुझा आवाज आणि मागून सगळ्या बाया. मले एकेक शब्द ऐकू येत होता. मी ओरडली तेव्हा तुम्ही दुसरं कडवं धरलं होतं.

तुमचा दोष नाई. तुमाले ऐकू नाई आलं. पण त्या बांधीत उभं राहून तुम्ही यंदा पुन्हा गाणं म्हणणार, आणि मग माझ्या हातानं त्याले गावचा करणार?

मी येऊन राह्यली. वीस तारखेले पोचते. चिखल लावायले नाई, माझी बांधी रोवायले.

दिव्यानी

*

कोसमघाट, १५ जुलै २०२४

दिव्यानी,

पत्र वाचून मी घरामागच्या सांदवाडीत जाऊन बसली. चूल पेटवली नाई. प्रणितनं विचारलं काय झालं, त्याले म्हटलं, तुह्या मायनं शेण खाल्लं.

माह्यी चूक. मले मिटवायची घाई झाली होती, बाई. दहा वर्षं लोकाईचं तोंड पाहून पाहून थकली होती. तुह्या पत्रात मले जे पाहिजे होतं तेच मी वाचलं. माफी मागत नाई, मागायलेही तोंड नाई. जे बिघडवलं ते नीट करायले निघाली.

टोळीतल्या एकेकीच्या घरी गेली. गाण्याचं सांगतलं. तुले न विचारता सांगतलं, त्याच्यासाठी शिव्या देजो, खाईन. निकेशची माय तर आधी म्हणे, बाई, किती वर्षं झाले आता, म्हातारीकडं पाहून रोवून टाकू. गाण्याचं ऐकलं अन् तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. ती तेव्हा माह्या बाजूलेच होती ना रांगेत. त्याची बांधी रोवायची नाई, साऱ्या तयार झाल्या. दोघी नाई मानल्या, त्यायले म्हटलं, तुमची मर्जी, त्या टोळी सोडून गेल्या. जाऊ दे.

मंग बापूरावच्या घरी. म्हटलं, भाऊ, मी खोटं बोलली होती. पोरीनं माफ केलं नाई, अन् आमी त्याची बांधी रोवत नाई. काय लाल झाला! म्हणे, तुमी बाया कायदा हातात घेऊन राह्यल्या, त्यानं शिक्षा भोगली, त्याले जगायचा हक्क हाय. मी म्हटलं, जगू दे ना. कोन गळा दाबते त्याचा? कायदा त्याले घरात राहू दे म्हणते, आमाले त्याच्या चिखलात उतरा असं कुठी म्हणते? तर म्हणे मंग त्याचं धान कोन रोवीन. म्हटलं, त्याले दोन हात हायत. तर हसला, रोवणा कधी गडीमानसानं केला का म्हणे. म्हटलं, नसन केला तर शिकन.

भैयाजीच्या दारातही गेली. त्याले उभ्याउभ्याच सांगतलं, मी मागं बोलली ते माह्यं होतं, पोरीचं नाई. सोनीबाई आतून पाहून राह्यली होती. तिच्याकडं पाहवलं नाई मले. तिनं काय केलं? पण तिच्याकडं पाहून तुह्यी गोष्ट पुन्हा विकत नाई मी.

प्रणितले कामाले लावला. म्हटलं, लय मर्दानगी हाय ना, तर शाळा सुटायच्या टायमाले वाटेवर उभा राह्य, गॉगल न घालता. जाते तो रोज. राजदीप दोन दिवस गेला अन् कंटाळला.

बापूराव हट्टाले पेटला हाय. शेवटच्या दिवशी मी त्याले घेऊन येतोच म्हणते, पाहू कोनती बाई सगळ्याईसमोर नाई म्हणते. आणू दे. तू ये. घर तुह्यं हाय, मी दारात उभी हाय.

मोठीमाय

*

कोसमघाट, ५ ऑगस्ट २०२४

मोठीमाय,

उर्वशीताईची आणि बाळीची तब्येत कशी आहे? महिनाभर आधीच कळा लागल्या तिले, लेकीसाठी मायले पळावंच लागते! पण ब्रह्मपुरीले निघताना तू मले म्हणालीस, रांगेत पुढं तू राह्य, आणि मग बसमध्ये चढून रडलीस, ते मी पाहिलं. फोनवर मी फक्त 'सगळं ठीक झालं' म्हटलं. ते काही पुरं नव्हतं. आता सांगते.

शेवटची बांधी आपलीच ठेवली होती, रस्त्याकाठची. दुपारी रोवणा सरला. बाया चिखलाचे हात घेऊन रस्त्यावर चढल्या. आधी मास्तर सापडले, मग पोस्टमन, मग बस आली तर निकेशच्या मायनं ड्रायव्हरले खालीच उतरवलं. प्रणितले तर गुडघ्यापर्यंत माखलं. हसून हसून पोट दुखत होतं माझं. किती वर्षांनी हसत होती मी त्या रस्त्यावर!

मग बापूराव आले. पांढरा कुर्ता, हातात बुंदीचा डबा, सोबत अर्धं गाव. आणि मागं तो. त्यालेही नवे पांढरे कपडे घातले होते त्यायनं, लग्नाले चालल्यासारखे. एक पोट्टा मोबाइल वर धरून शूटिंग करत होता.

मोठीमाय, मी एक पाऊल मागं सरकली. खोटं काऊन सांगू? त्याले मी तेव्हापासून पहिल्यांदा पाहत होती. मले वाटलं होतं तो मोठा असेल. माझ्या खांद्याएवढाच आहे तो. मले हे इतकं विचित्र वाटलं का थोडा वेळ मी बाकी काही ऐकलंच नाई.

बापूरावनं आधी स्वतःचे पाय पुढं केले. लावा बाई, म्हणे. लावला. मग त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याले पुढं केलं. म्हणाले, आता याले लावा, गावचा आहे, लेकरू समजा. निकेशच्या मायचा हात सवयीनं पुढं गेला, इतके वर्षं तेच करत आली ती. मग अर्ध्यातच थांबला. चिखल तिच्या बोटातून खाली पडला आणि तिनं हात पाठीमागं घेतला. मग तिच्या बाजूच्या बाईनं घेतला. एकेक करून सगळ्यांनी हात मागं घेतले. मी काहीच बोलली नव्हती तोपर्यंत, देवाशपथ.

बापूराव माझ्याकडं पाहून म्हणाले, पोरी, तू लाव, तू लावलं तर साऱ्याच लावतीन. मी म्हटलं, नाई लावत.

मग तो बोलला. दिव्यानी, दहा वर्षं भोगली मी, असं म्हणाला. माझं नाव घेतलं त्यानं. मले वाटलं होतं त्याच्या तोंडून माझं नाव ऐकलं तर मी पडेन. नाई पडली.

मी म्हटलं, भोगली ना, मले त्यावर काही म्हणायचं नाई. घर तुमचं आहे, रस्ता तुमचा आहे, बोरिंगचं पानी तुमचं आहे. तुमाले कोनी हात लावला तर तुमच्या बाजूनं पोलिसात मी जाईन. पण शाळेच्या वाटेनं दिसाल तर गाव विचारील, तेव्हा उत्तर द्यायचं. आणि हा चिखल आमच्या हातातला आहे. तो कोनाले लावायचा हे कोर्ट ठरवत नाई, समिती ठरवत नाई, आमी ठरवतो.

बापूराव ओरडले, अगं, पण किती दिवस? मी म्हटलं, माहीत नाई. मी दहा वर्षं घराबाहेर होती, तेव्हा मले कोनी विचारलं नाई किती दिवस. एवढं मोठ्यानं मी बोलली का मागचे लोकं पुढं सरकले.

तेवढ्यात गर्दीतून सोनीआजी आली. काठी टेकत. मले वाटलं शिव्या देईल. ती पोराच्या बाजूले उभी राह्यली नाई, तिथून पुढं आली, लुगडं जरा वर धरलं आणि म्हणाली, मले तरी लावा वं बायाहो. 

मी खाली बसली. दोन्ही पायाले लावला, नीट, घोट्यापर्यंत. तिनं आशीर्वाद वगैरे काही देला नाई. पडू नये म्हणून माझा खांदा घट्ट धरून ठेवला, बस. मग साऱ्या बाया आल्या तिले लावायले.

रस्त्यावर साऱ्यांचेच पाय भरलेले होते, मास्तरचे, बापूरावचे, शूटिंगवाल्या पोट्ट्याचे, म्हातारीचे. तो एकटाच पांढरा उभा होता. थोडा वेळ उभा राह्यला आणि घराकडं निघून गेला. कोनी काही फेकलं नाई, कोनी शिवी देली नाई.

बुंदी आमी खाल्ली नाई. म्हणजे निकेशच्या मायनं खाल्ली थोडीशी.

काल सकाळी तो स्वतःच त्याच्या बांधीत उतरला. पऱ्हे गुडघ्याएवढे वाढले आहेत, ओळी सगळ्या वाकड्या. बांधीच्या कडेच्या धुऱ्यावर लोकं बसले होते हसायले. मी तिथून जात होती. मी हसली नाई. मले कीवही आली नाई, आली पाहिजे होती का तेही माहीत नाई. मी आपल्या बांधीचं पानी पाहायले चालली होती, ते पाहून आली.

रात्री झोप चांगली लागते. बाळीचा फोटो पाठव, आणि उर्वशीताईले म्हण आराम कर.

दिव्यानी

*

ब्रह्मपुरी, १२ ऑगस्ट २०२४

दिव्यानी,

बाळी चांगली हाय. उर्वशीलेही बरं हाय. लोकं पोरगी झाली म्हणून तोंड वाकडं करतेत, त्यायले मी सरळ करून राह्यली, तू काळजी नको करू.

तुह्यं पत्र उर्वशीले वाचून दाखवलं. सोनीबाईच्या पायाशी आली अन् माह्याच्यानं पुढं वाचवलं नाई. उर्वशीनं वाचलं. 

काल जावयाच्या फोनवर बापूरावचा फोन आला. लय तापला होता. म्हणे, रुखमाबाई, तुमच्या पोरीनं गावाची शोभा केली, व्हिडिओ तालुकाभर फिरून राह्यला, मले पावणे विचारून राह्यले. मी म्हटलं, मंग सांगा ना पावण्याईले काय झालं ते. म्हणे, अजूनही वेळ गेली नाई, तिले समजवा, एकदा साऱ्याईसमोर हात जोडायले सांगा, मी मिटवून देतो. मी म्हटलं, हात कोनी जोडायचे? तर म्हणे, तिनं. 

ऐकलं का? तिनं म्हणे!

माह्यं डोस्कंच फिरलं. बाळी मांडीवर होती म्हणून आवाज दाबून बोलली. म्हटलं, बापूराव, तुमाले मिटवायची एवढी घाई, तर तुमचं काय मोडलं होतं ते तरी सांगा. तर म्हणे, तुमची पोरगी बाहेर राह्यणारी, तिले गावाचं काय पडलं. मी म्हटलं, ती बाहेर काऊन राह्यते, हे मले तुमी सांगा. ज्यानं केलं त्याची मायच्या घरी खाट तयार, अन् जिच्यावर बेतली ते लेकरू अकराव्या वर्षी गावाबाहेर, हे कसं झालं? कोनत्या मीटिंगीत ठरलं होतं? तुमी होता का त्या मीटिंगीत? बोला ना भाऊ, मी ऐकून राह्यली.

त्यानं फोन ठेवून देल्ला.

मंग मीच परत लावला.

मोठीमाय